कापड तेच, किंमत शिलाईची

कापड व्यापारी व शिलाईकाम करणाऱ्या बंधूंनो,

औशाच्या पेठेत आम्ही वर्षानुवर्षे मीटरने कापड विकत आलो. एकदा एका भगिनीने विचारले, "भाई, हे अंगावर कसे दिसेल?" आम्ही रंग पक्का असल्याची हमी दिली. ती कापड न घेताच गेली आणि पुढे रेडिमेड घेऊ लागली. तिच्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या कामात सापडते, त्या भानू अथैया यांची ही ओळख.

त्यांचा जन्म 1929 साली कोल्हापुरात झाला. वडील अण्णासाहेब राजोपाध्ये चित्रकार. ते लवकर वारले. भानूताई मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि 'ईव्हज वीकली' या महिला साप्ताहिकासाठी पोशाखांची चित्रे काढू लागल्या. त्याच्या संपादिकेने बुटिक काढले तेव्हा त्या प्रत्यक्ष कपडे तयार करू लागल्या. 'सी.आय.डी.' (1956) पासून चित्रपटांची कामे मिळत गेली आणि शंभराहून अधिक चित्रपट झाले. 'गांधी' चित्रपटासाठी 1983 साली जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. 2020 साली त्यांचे निधन झाले.

आपल्या धंद्यासाठी यातून तीन धडे घेता येतात.

1) गिऱ्हाइकाची अडचण ओळखा. 'ब्रह्मचारी' (1968) मध्ये मुमताजला साडीत नाचायचे होते. भानूताईंनी निऱ्या आधीच शिवून साडीला झिप लावली. ती 'मुमताज साडी' म्हणून गाजली. साडी तीच, पण नेसणे सोपे झाले.

2) आधी अभ्यास, मग कात्री. 'आम्रपाली' (1966) साठी त्यांनी आपल्या मराठवाड्यातील अजिंठ्याची चित्रे अभ्यासली. आपण मात्र जवळचा खजिना सोडून सुरत-मुंबईच्या नमुन्यांची वाट पाहतो.

3) बेतण्याला महत्त्व द्या. 'वक्त' (1965) मधील साधनाच्या चुडीदार-कुर्त्याची फॅशन झाली, ती अंगाबरोबर बसणाऱ्या शिलाईमुळे. असे बेतणे आपल्या दर्जींच्या हातात आहे, पण आपण त्यांना फक्त मजुरी देतो.

म्हणून आमची सूचना अशी: नवा माल आला की त्यातला एक पोशाख दर्जीकडून शिवून दुकानात टांगा आणि त्यावर दर्जीचे नाव लिहा. त्या नमुन्यावरून ऑर्डर आली, तर नफ्यात त्याचाही हिस्सा ठेवा. गिऱ्हाइकाला उत्तर मिळेल आणि कारागिराच्या घरची चूलही पेटती राहील.