गावचा पखवाजी

लातूर-नांदेडकडच्या एखाद्या गावी एकादशीच्या रात्री देवळात भजन चाललेले असते. त्या वेळी हरभऱ्याच्या राखणीसाठी शिवारात बसलेल्या मुलाला अभंगाचे शब्द ऐकू येत नाहीत. टाळांचा नाद वाऱ्याच्या झुळकेबरोबर येतो आणि झुळकेबरोबरच नाहीसा होतो. एक आवाज मात्र त्याला अखंड ऐकू येतो : घुम्... घुम्. तो जणू जमिनीतून वर यावा, तसा संथ आणि भरीव असतो. मुलगा मनाशी म्हणतो, भजन अजून चालू आहे. आजोबा घरी परतलेले नाहीत.

यात नवल काही नाही. बारीक, उंच आवाज हवेत लवकर विरतो आणि भिंतीच्या आड गेला की मंदावतो. ढाला, खोल आवाज भिंतींना व झाडांना वळसा घालून पुढे जातो आणि दूरवर टिकतो. म्हणून देवळात बसलेल्यांना ज्या आवाजाची फारशी जाणीवही नसते, तोच शिवारापर्यंत पोहोचतो. तो असतो पखवाजाच्या डाव्या अंगाचा, खर्जाचा आवाज.

युरोपातील मोठ्या वाद्यवृंदात हे खर्जाचे काम माणसाएवढे उंच असे डबल बास नावाचे तंतुवाद्य करते. आजच्या गाण्याच्या ताफ्यात चार तारांची बास गिटार ते करते. मराठवाड्यातील भजनात ते पखवाज्याच्या डाव्या हाताकडे आलेले आहे. वाद्ये निराळी, पण दैव सर्वांचे एकच. ऐकणारा गायकाकडे पाहतो. खर्ज वाजवणाऱ्याकडे कोणी पाहत नाही.

गावचा पखवाजी हा पोटासाठी वाजवणारा नव्हे. तो शेतकरी असतो, किराणा दुकानदार असतो, शिंपी असतो, शाळेतला शिक्षक असतो. भजनाबद्दल तो बिदागी घेत नाही. बुक्का, नारळ आणि फार तर सप्ताहाच्या शेवटी एक उपरणे, एवढीच त्याची मिळकत. पखवाज बहुधा देवळाच्या मालकीचा असतो. परंतु तो सांभाळण्याचे काम याचेच. म्हणून वाद्य देवळाच्या खुंटीला नसून याच्या घरात, उंदरांपासून सुरक्षित अशा उंच जागी, गवसणीत घातलेले असते.

पखवाज म्हणजे आतून पोखरलेले लाकडी खोड. मध्ये ते फुगीर असते आणि दोन्ही टोकांना निमुळते होत जाते. दोन्ही तोंडांवर कातड्याच्या पुड्या बसवून त्या चामड्याच्या वादीने एकमेकींशी आवळलेल्या असतात. वादीखाली लाकडी गठ्ठे असतात. हातोडीने ते सरकवले की पुडी ताणली जाते किंवा सैल होते. उजवी पुडी लहान. तिच्या मध्यभागी काळी शाई कायमची बसवलेली असते आणि ती गायकाच्या षड्जाशी मिळवतात. डावी पुडी मोठी असून तिच्यावर शाई नसते. तिला प्रत्येक वेळी वाजवण्यापूर्वी गव्हाची ओली कणीक लावावी लागते.

ही कणीक म्हणजे पखवाज्याची खरी परीक्षा होय. पोळीच्या कणकेहून ती किंचित सैल हवी. तीत मीठ नको, तेल नको. पुडीचा मधला भाग ओल्या बोटाने पुसून घ्यायचा, त्यावर लहान पुरीएवढा गोळा थापायचा आणि कडा चोपून कातड्याशी एकजीव करायच्या. मग एक थाप द्यायची व ऐकायचे. आवाज उथळ वाटला तर चिमूटभर कणीक वाढवायची. बद्द वाटला तर चिमूटभर काढायची. वजन वाढले की कातडे सावकाश कंप पावते आणि आवाज खाली उतरतो. पण वजन फार झाले की नादच मरतो. किती कणीक पुरे, याला माप नाही. ते प्रत्येकाच्या कानाला ठाऊक असते.

आपल्या या वाद्यांचे कौतुक केवळ भजनी मंडळींनाच वाटले असे नाही. प्रकाशावरील संशोधनासाठी १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवणारे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्याआधी दहा वर्षे, १९२० साली, एका सहकाऱ्यासह ‘नेचर’ या विज्ञानपत्रात भारतीय मृदंगाविषयी टिपण लिहिले होते. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे निरनिराळे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून त्याचा केवळ आवाज होतो, सूर लागत नाही. मृदंगाच्या पुडीवर मध्यभागी शाईचे वजन असल्यामुळे तेच स्वर तारेच्या स्वरांप्रमाणे परस्परांशी जुळून येतात, असे त्यांना दिसून आले. ज्या कारागिरांनी पहिल्यांदा शाई बसवली, त्यांनी पदार्थविज्ञानाचे पुस्तक पाहिले नव्हते. पण त्यांचा कान तयार होता.

कणकेची ही चाल पखवाजापुरतीच नाही. गुरू गोविंदसिंग यांनी जेथे १७०८ साली देह ठेवला, त्या नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात कीर्तनाची परंपरा आहे. शिखांच्या कीर्तनपरंपरेत ‘जोडी’ नावाचे एक जुने तालवाद्य आहे. तिच्या डाव्या भांड्यालाही अशीच ओली कणीक लावतात. शब्द निराळे, भाषा निराळी. परात मात्र दोन्हीकडे भिजवावी लागते.

आता कणीक म्हणजे स्वयंपाकघराशी संबंध आला. हा मुलूख ज्वारीचा. पूर्वी पुष्कळ घरांत गहू सणावारीच दळला जाई. त्यामुळे पखवाज्याच्या घरी एकादशीला घरच्या बाईने मापून ठेवलेल्या पिठातून मूठभर पीठ कमी होई आणि “घरात भाकरी, अन् ढोलाला पोळी!” असे बोल त्याला ऐकावे लागत. तो हसे आणि गप्प बसे. तीच बाई रात्री देवळात मागे बसून ऐके आणि डावी पुडी आज नीट बोलत नाही, हे सर्वांच्या आधी ओळखे.

पखवाज्याला ओळखायला पखवाज जवळ असावाच लागतो असे नाही. त्याची बोटे स्वस्थ राहत नाहीत. एस. टी. ची वाट पाहताना ती बाकावर वाजतात, दुकानात बसल्यावर गोडेतेलाच्या डब्यावर वाजतात, जेवायला बसल्यावर ताट येईपर्यंत पाटावर वाजतात. औताच्या मागे चालताना तो तोंडाने बोल म्हणतो. आता पुष्कळ शेतांत औताच्या जागी ट्रॅक्टर आला आहे. त्याच्या घरघरीत बोल ऐकू येत नाहीत, पण ओठ हलताना दिसतात. खुरपणीच्या दिवसांत तळहाताला भेगा पडतात, तेव्हा तो निजताना हाताला कोमट तेल चोळतो. लग्नकार्याच्या तिथी त्याला आठवत नाहीत. एकादश्या मात्र तोंडपाठ असतात.

ऋतूंशीही त्याचे निराळे नाते असते. श्रावणात हवा दमट झाली की कातडे ओल धरते, सैल पडते आणि सूर उतरतो. मग तो निखाऱ्यांची शेगडी दूर ठेवून पुडी शेकतो. चैत्र-वैशाखात येथील पारा चाळीस अंशांच्या वर जातो. तेव्हा उलट होते : दोन अभंग होतात न होतात तोच कणीक सुकते, आक्रसते आणि आवाज वर चढतो. म्हणून उन्हाळ्यात त्याच्या शेजारी पाण्याची वाटी असते. गायक आलाप घेत असताना तो बोट भिजवून कणकेवर हळूच फिरवतो. हे काम इतक्या सफाईने होते की समोर बसलेल्यालाही ते कळत नाही.

पखवाजाच्या उजव्या हाताचे बोल ‘ता’, ‘दीं’, ‘ना’ असे टणक. डाव्या हाताचा उघडा बोल ‘ग’, दाबलेला ‘क’. उजव्याचा ‘ता’ आणि डाव्याचा ‘ग’ एकाच क्षणी पडले, म्हणजे ‘धा’ होतो. डावा हात जर चुकला, तर ‘धा’ चा नुसता ‘ता’ उरतो. समेवर ‘धा’ पडला नाही तर म्हणणाऱ्यांचे पाऊल अधांतरी राहते.

आणि म्हणणारे काही दोनचार नसतात. चाळीस-पन्नास टाळकरी दोन रांगांत उभे असतात. अभंग रंगात आला की प्रत्येकाचा हात थोडाथोडा घाई करू लागतो. याला लय पळणे म्हणतात. लय पळाली की शब्द तुटतात, दम पुरत नाही आणि भजनाचा गोंधळ होतो. पखवाज्याला ओरडून कोणाला थांबवता येत नाही. तो डावी थाप किंचित जड करतो, एवढेच. पन्नास माणसे सावरतात आणि आपण सावरलो, हे त्यांना कळतही नाही. तो चुकला तर साऱ्या गावाला कळते. तो बरोबर असला तर कोणाला काहीच कळत नाही. या व्यवहारात त्याला अन्याय झाल्यासारखे वाटत नाही, हे विशेष आहे.

पाऊली खेळत भजन चालते, तेव्हा पखवाज गळ्यात अडकवावा लागतो. लातूर जिल्ह्यातील औसा येथील नाथ संस्थानाचे चक्रीभजन मराठवाडाभर प्रसिद्ध आहे. याच भागातील शिवभजनांत मन्मथस्वामींचे अभंग म्हणतात, तेथेही पखवाज असतोच. पण खरी कसोटी लागते ती अखंड हरिनाम सप्ताहात. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पहाटे काकडा, दुपारी भजन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. पखवाजी पहाटेचा काकडा वाजवून शेतावर जातो, दिवस मावळता परत येतो आणि पुन्हा बसतो. चौथ्या दिवशी बोटांची टोके फुटतात. तो त्यांना चिंधी बांधत नाही, कारण चिंधीने नाद दबतो.

अशा गावांतून मोठे वादकही निपजले आहेत. लातूरच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई तालुक्यात आपेगाव आहे. तेथील शंकरबापू आपेगावकर यांच्या पखवाजवादनाचा भारत सरकारने १९८६ साली पद्मश्री देऊन गौरव केला. आळंदीस १९१७ साली जोग महाराजांनी स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेची परंपराही या वादनाला उपकारक ठरली आहे. गावचा पखवाजी मात्र कोणत्याही शाळेत गेलेला नसतो. तो आपल्याआधीच्या पखवाज्याच्या मागे बसून शिकलेला असतो.

त्याच्या वादनाचा एक प्रसंग असा आहे की, त्याला आमंत्रण नसते. गावात कोणी वारले की वारकरी घराण्यांत भजन म्हणत अंत्ययात्रा निघते. रात्री-अपरात्री दार वाजते. निरोप्या बाहेरूनच नाव सांगतो आणि निघून जातो. पखवाजी उठतो, दिवा लावतो आणि परातीत पीठ घेतो. त्या घराशी बांधाच्या वादावरून त्याचे दोन वर्षे बोलणे नसेल. कोर्टात तारीखही पडलेली असेल. तरी तो जातो. त्या अंगणात कोणी त्याला ‘या’ म्हणत नाही आणि तो कोणाशी बोलत नाही. टाळकऱ्यांच्या मध्ये उभा राहतो आणि वाजवू लागतो. त्या दिवशी लय सर्वांत संथ ठेवायची असते, कारण खांदेकऱ्यांची पावले तिच्यावर पडतात. सर्वांना घाई करून ते दुःख संपवावेसे वाटते. तो घाई होऊ देत नाही.

मग त्याच्याच घरी कोणी गेले तर? त्या दिवशी त्याचा हात पखवाजाकडे वळत नाही. मंडळी नुसत्या टाळांवर अभंग सुरू करतात. दोन चरण होतात न होतात तोच लय पळू लागते. टाळ एकमेकांच्या पुढे जातात, खांदेकऱ्यांची पावले चुकतात. इतकी वर्षे कोणीतरी आपल्याला धरून ठेवत होते, हे गावाला तेव्हा समजते.

अशा वेळी बहुधा एखादा पोर पुढे होतो. तो बारा-तेरा वर्षांचा असतो. पखवाज्याच्या मागे बसून त्याची बोटे पाहत आलेला असतो. अलीकडे नटबोल्टांचे पखवाज निघाले आहेत. ते मिळवायला सोपे पडतात. गावचा पखवाज मात्र जुनाच असतो. मुलाला आठ मात्रांचा भजनी ठेका तेवढा येत असतो. कणीक तो जरा जास्तच लावतो, त्यामुळे आवाज बद्द निघतो. पण थाप जागेवर पडते. पुढे चाललेला पखवाजी मागे वळून पाहत नाही. मात्र त्याचे पाऊल त्या थापेवर पडू लागते.

सायंकाळी मंडळी ओसरीवर बसलेली असतात. सकाळपासून पखवाजी कोणाशी बोललेला नसतो. मुलगा गवसणीतला पखवाज घेऊन येतो आणि भिंतीशी ठेवतो. तेव्हा तो मान वर करून विचारतो,

“कणीक काढलीस का रे?”

“नाही आबा, राहिली.”

“काढ. वाळली की कातडं ओढून धरते.”

मुलगा कंदिलाजवळ बसून ओल्या फडक्याने डावी पुडी पुसू लागतो. निघालेली कणीक तो मुठीत धरतो आणि गोठ्यातल्या गाईपुढे नेऊन ठेवतो.