प्रकाश, मज्जातंतू आणि डोळ्यांचा अंतर्दाह

कोल्हापूर जिल्ह्यात ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला, की उसाचे पाते डोळ्याला लागण्याचा धोका वाढतो. चप्पल शिवणाऱ्या कारागिराची आरी हेही असेच धोक्याचे साधन. डोळा लाल झाला आणि उजेड सोसेनासा झाला, की पुष्कळदा ‘डोळे आले’ असे समजून घरगुती उपाय केले जातात. ही समजूत दृष्टी गमावण्यास कारण ठरू शकते.

डोळे येतात तेव्हा चिपडे येतात, खाज सुटते. याउलट डोळा लाल असून चिपडे नाहीत, आतून ठणका लागतो, नजर धूसर होते, तर तो डोळ्याच्या मधल्या स्तराचा दाह, म्हणजे युव्हिआयटिस असू शकतो. तो कधी क्षयासारख्या रोगजंतूंमुळे होतो, तर कधी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच डोळ्यावर उलटल्यामुळे.

एरवी डोळा या शक्तीला आवर घालतो. डोळ्यात रोपण केलेली परकी त्वचा शरीर सहज नाकारत नाही, याचा पुरावा पीटर मेडावर यांनी १९४८ साली सशांवरील प्रयोगांतून मांडला. या संयमात प्रकाश व मज्जातंतू यांचाही वाटा असतो. दीर्घकाळ अंधारात ठेवलेल्या उंदरांच्या डोळ्यांत हा संयम ढळतो, असे अमेरिकेतील प्रयोगांत १९८८ साली आढळले. मज्जातंतूंतून स्रवणारी काही द्रव्ये दाह शमवतात, काही तो भडकवतात. मात्र उंदरांवरील हे निष्कर्ष म्हणजे माणसांवरील उपचार नव्हेत.

मग उजेड का बोचतो? प्रकाश पडताच बाहुली आकुंचन पावते. सुजलेल्या स्नायूंना ताण बसतो आणि वेदना मेंदूकडे जाते. दोन्ही बाहुल्या एकत्रच हलतात. म्हणून निरोगी डोळ्यावर उजेड पडला तरी दुखरा डोळा ठणकतो. ही खूण तज्ज्ञास निदानात उपयोगी पडते. बाहुली विस्फारणारे थेंब याच स्नायूंना विश्रांती देतात. अर्थात उजेड वेदना जागवतो, रोग निर्माण करीत नाही. रुग्णाला अंधाऱ्या खोलीत बसवून रोग बरा होत नाही.

एका डोळ्याच्या खोल जखमेनंतर प्रतिकारशक्ती क्वचित दुसऱ्या डोळ्यावरही उलटते. लुई ब्रेल यांना १८१२ साली, तीन वर्षांचे असताना, वडिलांच्या चर्मशाळेतील हत्यार एका डोळ्यात लागले. पुढे दोन्ही डोळे गेले. ते याच विकाराने गेले असावेत, असे अनेक तज्ज्ञ मानतात.

उसाच्या पात्याची जखम वेगळी. तिच्यात बुरशी शिरून बुबुळावर व्रण पडतो. अंतर्दाहात गुणकारी ठरणारे स्टेरॉइडचे थेंब अशा व्रणात घातक ठरतात. लालसर डोळा दोन्हींत सारखाच दिसतो; भेद यंत्राने तपासल्यावरच कळतो. म्हणून दुकानातून परस्पर थेंब आणू नयेत, आणि तज्ज्ञाने दिलेले औषध मध्येच सोडू नये.

शिक्षकांनी उजेडाकडे पाहू न शकणाऱ्या मुलाची विनाविलंब नोंद घ्यावी. पंचायत सदस्यांनी ऊसतोडणी मजुरांना संरक्षक चष्म्याचे महत्त्व पटवावे व इजा झालेल्यास त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात पोहोचवावे. वेळेवर केलेल्या उपचाराने दृष्टी वाचते. गेलेली दृष्टी मात्र बहुधा परत येत नाही.