आरोग्यपाठ : गळ्यातली ग्रंथी आणि चुलीजवळचे मीठ



तळोज्याजवळच्या एका कातकरी वाडीत वीटभट्टीवरून परतलेली एक बहीण म्हणाली, "ताई, आता दोन विटापण उचलवत नाहीत." मुकादम तिला आळशी म्हणायचा. गळा मात्र पुढून सुजलेला होता. रक्त तपासले, तेव्हा थायरॉइडचे काम मंदावल्याचे कळले.

घामाच्या ग्रंथीतून घाम नळीवाटे बाहेर येतो. काही ग्रंथींना अशी नळीच नसते. त्या आपला रस थेट रक्तात सोडतात. त्या रसाला संप्रेरक म्हणतात. स्वादुपिंडातले इन्सुलिन आपल्याला मधुमेहामुळे माहीत आहे. गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी, शरीराने किती वेगाने काम करायचे ते ठरवते. तिच्या संप्रेरकासाठी आयोडीन लागते.

तिच्यावर मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीची नजर असते. थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की पीयूषिका टीएसएच वाढवून 'आणखी बनव' असा निरोप धाडते. आयोडीनच नसेल तर थायरॉइड बनवणार कशातून? निरोपांच्या माऱ्याने ती नुसती फुगते. तोच गलगंड. म्हणून रिपोर्टमध्ये टीएसएच जास्त असेल तर बहुधा थायरॉइडचे काम कमी आहे असे समजावे. पुष्कळ जण नेमके उलटे समजतात.

मोठ्यांना रोज 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते; सत्तर वर्षांचे मिळून चार ग्रॅमच्या आसपास. पण ते साठवून चालत नाही, रोज लागते. गरोदरपणात 250 लागते. पोटातले बाळ पहिले काही महिने आईच्याच संप्रेरकावर वाढते. तेव्हा मोठी कमतरता झाली, तर मेंदूचे नुकसान पुढे भरून निघत नाही.

आता आमची चूक सांगते. त्या बहिणीच्या आजाराचे कारण मीठच, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. इतरही कारणे असतात. पण त्या निमित्ताने आशाताईंनी तिच्या चुलीजवळच्या मिठावर तपासणीचा थेंब टाकला. आयोडीन असते तर ते जांभळे झाले असते. रंग बदललाच नाही. ते मीठ आमच्याच किराणा किटमधले होते! स्वस्त म्हणून आम्ही सुटे खडेमीठ घेतले होते. उरण-पेणची मिठागरे जवळ, समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच, असा आमचा समज. प्रत्यक्षात मिठागरातल्या मिठात ते नगण्य असते. वरून मिसळावे लागते. खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकायला 2006 पासून देशभर बंदी आहे, तरी सुटे मीठ वाडीपर्यंत पोहोचतेच.

या तिमाहीपासून किटमध्ये बंद पाकिटातले आयोडीनयुक्त मीठच जाईल. मीठ देऊ इच्छिणाऱ्यांनीही पाकिटावर तो शब्द पाहूनच घ्यावे. वाडीत आम्ही झाकणाची बरणीही देत आहोत, कारण ओल आणि चुलीची धग यांनी आयोडीन उडते. मीठ कालवण उतरवताना घालायचे, हे बायकांना लगेच पटले. डब्याला झाकण लावायचे मात्र अजून राहून जाते.

ती बहीण रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते. पुढच्या महिन्यात तिचे रक्त पुन्हा तपासायचे आहे.