टिकटिक होते, पण गाडी सुरू होत नाही

प्रश्न : रोज कुम्हारीहून रायपूरला कारने जातो. सकाळी चावी फिरवली की नुसती टिकटिक होते, इंजिन फिरत नाही. स्टार्टर बदलावा लागेल का?
– एक वाचक, कुम्हारी (जि. दुर्ग)

उत्तर : स्टार्टरला एवढ्यात हात लावू नका. आधी हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे मंदावले आणि टिकटिक भराभर झाली, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे लख्ख राहून एकदाच ‘टक्’ झालं, तर दोष बहुधा स्टार्टरचा किंवा त्याच्या सोलेनॉइडचा.

टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर साचला असेल, तर आधी काळी, मग लाल वायर काढा. खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने घासून कोरडं करा. जोडताना काळी शेवटी.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मल्टिमीटरवर 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली. 12च्या खाली असेल तर जवळजवळ रिकामी. जम्प केबलने गाडी सुरू झाली, तर इंजिन चालू ठेवून पुन्हा मोजा. साधारण 14 व्होल्ट दिसले नाहीत, तर अल्टरनेटर तपासून घ्या. नाहीतर नवी बॅटरीही उतरेल.

तुमच्याकडचा उन्हाळा बॅटरीचं आयुष्य कमी करतो. तिला तीन-चार वर्षं झाली असतील, तर लोड टेस्ट करूनच पुढचा खर्च ठरवा.