डोळ्यांवर पट्टी बांधून वाचता येतं का? वर्गात करून बघण्याचा एक पाठ



मागच्या महिन्यात पिंगळीतले एक पालक शाळेत आले. हातात रंगीत पत्रक. "गुरुजी, ह्या क्लासात पोरांचा मिडब्रेन चालू करतात म्हणे. डोळ्याला पट्टी बांधून पोरगं पुस्तक वाचतंय. घालू का आपल्याला?" फी होती चार पोती सोयाबीनच्या पैशाएवढी. मी लगेच 'नाही' म्हणालो नाही. म्हणालो, आठ दिवस द्या, तपासून बघू.

आधी एवढं सांगतो की मध्यमेंदू कुणी 'चालू' करावा लागत नाही. तो मेंदूच्या देठातला भाग आहे, डोळ्यांच्या हालचाली आणि ऐकणं यात त्याचं काम असतं, आणि तो जन्मापासून चालूच असतो. बंद पडला तर गाठ दवाखान्याशी.

पण एवढ्यावर पालकाचं समाधान होत नाही, कारण त्यांनी 'डोळ्यांनी पाहिलेलं' असतं. मग तपासायचं कसं? आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात नवं खत तपासताना काय करतात, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. एका वाफ्यात खत, शेजारच्या वाफ्यात नाही, बाकी सगळं सारखं. अतींद्रिय शक्तीलाही हाच न्याय लावायचा.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी 1930 च्या दशकात हे पत्त्यांवर केलं. गोल, अधिक, लाटा, चौकोन, चांदणी अशी पाच चिन्हं, प्रत्येकाचे पाच, म्हणजे 25 पत्ते. न बघता ओळखायचे. नुसत्या अंदाजाने सरासरी 5 बरोबर येतात. सुरुवातीला काही जणांचे आकडे फार वर गेले, गाजावाजा झाला. नंतर लक्षात आलं की काही पत्त्यांची चिन्हं मागूनही दिसत होती. बंदोबस्त कडक केला तसे ते आकडे खाली आले.

हे मी सातवीला करून बघितलं. जाड पुठ्ठ्याचे पत्ते पोरांनीच कापले. पत्ता बघणारा व्हरांड्यात, लिहिणारे वर्गात, मधलं दार बंद. बरोबर की चूक हे शेवटपर्यंत सांगायचं नाही, नाहीतर पोरं उरलेल्या पत्त्यांचा हिशेब करतात (आमची तर नक्कीच!). 40 पोरांत दोघांना 9 किंवा जास्त मिळाले. एका मुलीला 10. वर्गात एकदम गलका, "हिला येतंय!"

इथेच खरा पाठ आहे, घाई करू नका. 25 पैकी 9 किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता साधारण पाच टक्के. म्हणजे 40 जणांत असे सरासरी दोघे निघतात, शक्ती असो वा नसो. मग त्या दोघांचीच पुन्हा परीक्षा घेतली. तिला 4, दुसऱ्याला 6. ती जराशी हिरमुसली, ते मला चुकल्यासारखं वाटलं. पुढच्या वेळी दुसरी फेरी होणार हे आधीच सांगून ठेवीन.

आपल्याकडची मोठी परीक्षा झाली ती पुण्यात, 2008 साली. ती फलज्योतिषाची होती, पण पद्धत हीच. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका तयार केल्या. कोणती पत्रिका कोणाची, हे ज्योतिषांनी ओळखायचं. 27 जणांनी प्रत्येकी 40 पत्रिकांची उत्तरं पाठवली. उत्तीर्ण व्हायला 28 हवे होते. सर्वांत जास्त 24 मिळाले, सरासरी 46 टक्के. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या 200 पत्रिका पाहिल्या, 102 बरोबर. नाणं उडवलं असतं तरी असंच काहीतरी आलं असतं. (पहाटे कुडमुडं वाजवत येणारा पिंगळा मला लहानपणी फार आवडायचा. तो निदान पीठमिठावर भागवायचा.)

"पण परदेशात सिद्ध झालंय ना सर?" असं कुणीतरी विचारतंच. 2011 मध्ये डॅरिल बेम या नामवंत मानसशास्त्रज्ञांनी नऊ प्रयोग छापले. पडद्यामागचं चित्र आधीच ओळखण्यात, एका प्रकारच्या चित्रांसाठी, 50 ऐवजी 53 टक्के यश. दावा भविष्य जाणवल्याचा. 2012 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्यांतलाच एक प्रयोग तीन ठिकाणी पुन्हा केला, काहीच मिळालं नाही. हे बेम खोटं बोलले म्हणून नव्हे. एकदा मिळालेलं उत्तर दुसऱ्याच्या हातून पुन्हा मिळत नसेल तर ते उत्तर धरता येत नाही. आजवर कोणत्याही अतींद्रिय शक्तीचा असा, कुणालाही करून बघता येईल असा, प्रयोग नाही.

आता पट्टीचं. तसा क्लास करून आलेला एक मुलगा ओळखीतून भेटला. पट्टी बांधली, पुस्तक मांडीवर, मान किंचित मागे. सरळ वाचलं. मग मी पुस्तक त्याच्या कपाळासमोर धरलं. थांबला. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली फट राहते, तिथून खालचं दिसतं. तुम्ही स्वतःला बांधून बघा. डोळ्यांच्या खोबणीत भिजवलेल्या कणकेचे गोळे ठेवून वरून पट्टी बांधली की फट कमी होते, पण पूर्ण बुजतेच असं नाही.

वडील चहा सांगायला गेले तेव्हा तो हळूच म्हणाला, "सर, खालून दिसतंय. पण पप्पांनी पैसे भरलेत ना."

अकरा वर्षांचं पोरगं. वडिलांना मी त्याचं बोलणं सांगितलं नाही. कणकेची युक्ती तेवढी सांगितली, आणि मुलाला रागावू नका म्हणालो.

पिंगळीच्या त्या पालकांनी अजून पैसे भरलेले नाहीत. शनिवारी ते पत्ते बघायला येणार आहेत, पोराला घेऊन.