आधी रिम बघ, मग रबर घे

घरातली जुनी सायकल तू पुन्हा रस्त्यावर काढतोयस, याचा मला मनापासून आनंद आहे. पण बाळा, ब्रेकच्या बाबतीत चालढकल करू नकोस. उमरोळीहून बोईसरला जाताना पाळी सुटायची वेळ गाठलीस, की रिक्षा, टेम्पो, कंपन्यांच्या बस आणि टँकर सगळे एकदमच समोर येतात. ब्रेक रबर थोडक्या पैशांत मिळतं, म्हणून लोक हाताला लागेल ते उचलतात. तू तसं करू नकोस. माझं सांगणं एवढंच: रबर रिमला बघून घ्यायचं. किंमत आणि पाकिटावरचं नाव नंतर बघ.

लोहचुंबक लावून बघ

दुकानात जायच्या आधी घरीच रिमला लोहचुंबक लाव. चिकटला तर रिम लोखंडी, नाही चिकटला तर अ‍ॅलॉयची. आपल्याकडच्या जुन्या सायकली बहुतेक लोखंडी रिमच्या. 1969 साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, एमआयडीसी वाढत गेली आणि गावागावांतून माणसं सायकलवर कामाला येऊ लागली. मद्रासची हर्क्युलस, सोनिपतची अ‍ॅटलस, लुधियानाची हिरो या त्या काळच्या सायकली. त्यांच्या रिमवर क्रोमचा मुलामा असतो. कोरडा असताना तो ठीक धरतो, पण पाऊस लागला की साधं रबर त्यावरून सरळ घसरतं. रिमवरचं पाणी पुसलं जाऊन पकड येईपर्यंत सायकल बरीच पुढे गेलेली असते.

लोखंडी रिमसाठी चामड्याचा थर लावलेली रबरं मिळतात. ओल्या क्रोमवर चामडं रबरापेक्षा चांगलं धरतं. इंग्लंडच्या पावसात अशाच सायकली चालायच्या, त्यामुळे तिकडे ही रबरं खास बनवली जात. आपल्याकडच्या दुकानात सहसा साधं काळं रबरच पुढे करतात. तरी विचार, आणि नसेल तर मागवून घे. अ‍ॅलॉयच्या रिमला मात्र चामडं लावू नकोस, त्यात खडी रुतते आणि मऊ धातूवर चरे पडतात. कूल-स्टॉपचं लालसर रबर ओल्यात चांगलं, ते दोन्ही रिमना चालतं. पण नुसत्या लाल रंगावर जाऊ नकोस. स्वस्तातल्या रबराला रंग कुठलाही देता येतो.

दांडीचा ब्रेक आणि वायरचा ब्रेक

टायरवर 28 बाय 1½ लिहिलेलं असेल आणि हँडलखाली लोखंडी दांड्या असतील, तर तो दांडीचा ब्रेक. याचं रबर रिमच्या बाजूला लागत नाही. आऱ्यांकडची जी आतली बाजू असते, तिच्यावर ते दाबलं जातं. म्हणून रिम डावी-उजवी थोडी हलत असेल तरी चालतं, पण उंच-सखल असेल तर ब्रेक प्रत्येक फेऱ्याला धरतो आणि सोडतो. तसं होत असेल तर रबर बदलायच्या आधी चाकाचा आऊट काढून घे.

वायरच्या ब्रेकचं रबर रिमच्या दोन्ही बाजूंनी येतं. त्यात परत तीन तऱ्हा. साध्या कॅलिपरचं रबर आखूड असतं आणि मागे आट्यांचा बोल्ट असतो. जुन्या कँटिलिव्हरला आटे नसलेला गुळगुळीत दांडा असतो. व्ही-ब्रेकचं रबर लांब, त्याच्यासोबत खोलगट आणि फुगीर वॉशरची जोडी येते. एकाचं रबर दुसऱ्याला बसत नाही. बसवलंच तर तिरकं बसतं, नाहीतर चाक फिरताना फोर्कला घासतं. म्हणून तोंडी वर्णन करत बसू नकोस, जुनं रबर काढून खिशात घाल आणि काउंटरवर ठेव.

कंपनीचं ओरिजिनलच हवं, असा हट्टही धरू नकोस. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना जून 2020 मध्ये बंद पडला. पण दांडीच्या सायकलींची मापं ठरलेली आहेत आणि लुधियानाकडून या जातीचे सुटे भाग अजून येतात. माप जुळलं की झालं.

नखाने पारख

रबर हातात आलं की अंगठ्याचं नख दाब. ताज्या रबरात नख किंचित रुततं आणि खूण हळूहळू भरून येते. नख घसरलं, पृष्ठभाग काचेसारखा चमकला किंवा कडेला बारीक भेगा दिसल्या, तर तो माल दुकानात पडून कडक झालाय. पाकीट कितीही कोरं असलं तरी परत दे.

मग रबर धरणारी पत्र्याची खोबण बघ. काहींची एक बाजू बंद आणि एक उघडी असते. चाक पुढे फिरताना ब्रेक दाबला की रिम रबराला ज्या दिशेला ओढते, त्या दिशेला बंद बाजू आली पाहिजे. उलट बसवलंस तर जोरात ब्रेक मारताच रबर खोबणीतून निघून पडेल आणि हातात नुसता पत्रा उरेल. मेकॅनिकने बसवलं तरी ही एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघून घे.

रबरं जोडीने बदलायची. एक नवं आणि एक जुनं ठेवलं तर ब्रेक एका बाजूला ओढतो.

बसवताना

वायरच्या ब्रेकचं रबर पूर्णपणे रिमवरच टेकलं पाहिजे. वर सरकलं तर टायरची कड कापली जाते, खाली गेलं तर झिजता झिजता आऱ्यांत शिरतं. चाक फिरताना रबराचं पुढचं टोक आधी टेकावं आणि मागचं एक मिलीमीटरभर मागे राहावं, म्हणजे ब्रेक किंचाळत नाही. त्यासाठी मागच्या टोकाखाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा धर, ब्रेक दाबून ठेव आणि तसाच नट आवळ. मग पुठ्ठा काढून घे.

वायरच्या बाहेरचं आवरण आतून गंजलं असेल तर उत्तम रबरही निकामी. लिव्हर सोडल्यावर झटकन मागे आली नाही, तर वायर आणि आवरण दोन्ही बदल. दांडीच्या ब्रेकचे सांधे मोकळे ठेव, पण तेलाचा थेंबच घाल आणि रिमवर ओघळणार नाही याची काळजी घे.

खारं वारं आणि एमआयडीसीचा रस्ता

सातपाटी, केळवे, चिंचणी, जिथे जाशील तिथे खारं वारं आहे. क्रोमला बारीक टोचे पडतात, खालून गंज वर येतो आणि खरखरीत झालेली रिम नवं रबर कानशीसारखी खाऊन टाकते. किनाऱ्याकडून आलास की रिम गोड्या पाण्याने धू आणि कोरडी पूस. काळा थर साबणाच्या पाण्याने जातो. रॉकेल वापरू नकोस, त्याचा तेलकटपणा रिमवर राहतो. रबरात खडी किंवा धातूचा कण चमकताना दिसला तर सुईने टोकरून काढ, आणि वर चकाकी आली असेल तर पॉलिश पेपरवर दोन हात घास.

एमआयडीसीच्या रस्त्यांवर ऑइल सांडलेलं असतं. पहिल्या पावसात ते पाण्यावर तरंगतं. अशा वेळी वळणाच्या आधीच वेग कमी कर, वळणात ब्रेक मारू नकोस. पाऊस पडत असेल तर थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलकेच टेकवून रिम पुसून घे, मग जोर लाव. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा घाट उतरताना तर हे विसरूच नकोस. दोन्ही ब्रेक एकत्र वापर. ब्रेक लागला की अंगाचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून खरी पकड पुढचाच ब्रेक देतो. नुसत्या मागच्यावर राहिलास तर चाक घसरतं.

केव्हा पैसे घालू नयेत

रबरावरच्या खाचा पुसट झाल्या की ते संपलं, पत्रा दिसायची वाट बघू नकोस. पण लोखंडी रिमवरून बोट फिरवताना पापुद्रे हाताला लागले, किंवा अ‍ॅलॉयच्या रिमची बाजू आत खोलगट झाली असेल, तर कितीही भारी रबर घेतलंस तरी उपयोग नाही. तिथे आधी रिम बदल.

हे सगळं मृग लागायच्या आधी उरकून घे. आणि उद्या धाकट्या बहिणीला सायकल देणार असशील, तर आधी ब्रेक तिला दाबून बघू दे. चाक तिच्या हाताच्या जोराने थांबलं पाहिजे. तोपर्यंत वायर आवळत राहा, मगच सायकल दे.