कॅमरी टोयोटाची, पण जपानमध्येच बंद! कंपन्या काही गाड्या काही देशांत का विकत नाहीत?

व्हिडिओत वेळेअभावी जे गणित घाईत सांगितलं, ते इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा.

टोयोटा कॅमरी ही अमेरिकेत वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त खपणाऱ्या सेडानपैकी एक. २०२३ मध्ये तिकडे जवळपास २ लाख ९० हजार कॅमरी विकल्या गेल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस टोयोटाने कॅमरीची विक्री खुद्द जपानमध्ये थांबवली. म्हणजे ज्या कंपनीची गाडी, तिच्याच घरात ती मिळेना!

आता तुम्ही म्हणाल, गाडी तर चांगली आहे, मग बंद का? पहिली गोष्ट, गाडी वाईट म्हणून बंद केली नाही. जपानमध्ये ४.७ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद यापेक्षा मोठी गाडी 'छोट्या गाडी'च्या वर्गातून बाहेर पडते. कॅमरी जवळपास ४.९ मीटर लांब, १.८४ मीटर रुंद. तिथल्या अरुंद गल्ल्या आणि यांत्रिक पार्किंगमध्ये ती अवघडच जाते. शिवाय तिथलं गिऱ्हाईक मिनीव्हॅन, एसयूव्ही आणि छोट्या केई गाड्यांकडे वळलं. ज्याला मोठी सेडान हवीच, त्याच्यासाठी टोयोटाच्याच दुकानात क्राउन उभी आहे. मग कॅमरी ठेवून करायचं काय? स्वतःच्याच दोन गाड्या एकमेकींचं गिऱ्हाईक खाणार.

आता मुद्द्याचं गणित. एखादं मॉडेल नव्या देशात आणायचं तर एक गाडी विकण्याआधीच खर्च सुरू होतो. त्या देशाच्या नियमांनुसार चाचण्या, स्टिअरिंग उजवीकडे की डावीकडे, सुट्या भागांचा साठा, मेकॅनिकचं प्रशिक्षण, जाहिरात. यातला बराचसा खर्च १०० गाड्या विका की १ लाख, तेवढाच राहतो. समजा हा खर्च ६० कोटी (आकडा फक्त समजण्यासाठी घेतलाय). ५ वर्षांत ६० हजार गाड्या गेल्या तर प्रत्येक गाडीवर १० हजारांचा बोजा. ५ हजारच गेल्या तर? प्रत्येक गाडीवर १ लाख २० हजार! गाडी तीच, कारखाना तोच. नफा मात्र संपला.

नियमांचं बघा. अमेरिकेचे सुरक्षा नियम युरोपपेक्षा वेगळे आहेत. त्या नियमांत न बसणारी परदेशी गाडी साधारणपणे २५ वर्षं जुनी झाल्याशिवाय तिथे आणता येत नाही. म्हणून युरोपातल्या कितीतरी गाड्या अमेरिकन लोक फक्त फोटोत बघतात.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. फोक्सवॅगनची व्हर्टस चाकणला बनते. तिथून ती मेक्सिकोला जाते, डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसह. पण मेक्सिकोच्या शेजारी अमेरिकेत व्हर्टस मिळत नाही. तिथे जेट्टा मिळते, जी मेक्सिकोतच प्वेब्लाला बनते. आणि कंपनीच्या मायदेशी, जर्मनीत? तिथेही व्हर्टस नाही. तिकडचा माणूस त्या आकारात हॅचबॅक पोलो घेतो. चाकणचे कामगार जी गाडी बनवतात ती वुल्फ्सबर्गच्या शोरूममध्ये दिसत नाही, हे मला स्वतःला फार गमतीशीर वाटतं.

करामुळेही गाडीचा आकार ठरतो. आपल्याकडे २००६ च्या बजेटमध्ये ४ मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनच्या गाड्यांवरचा उत्पादन शुल्काचा दर २४ वरून १६ टक्क्यांवर आला. त्यानंतर डिक्की कापलेल्या सेडान आल्या. २०१२ ची स्विफ्ट डिझायर ३९९५ मिलिमीटरवर आणून बसवली! ती डिक्की भारताच्या करासाठी कापलेली आहे, दुसऱ्या देशातल्या गिऱ्हाइकाला तिचं काय कौतुक असणार?

फोर्डने तर २०१८ मध्ये उत्तर अमेरिकेत जवळपास सगळ्या सेडान बंद करण्याचं जाहीर केलं, चीनमध्ये मात्र विकत राहिली. कारखाना आणि पैसा मर्यादित, आणि अमेरिकेत पिकअप-एसयूव्हीवर नफा जास्त. तोट्याचा प्रश्नच नव्हता असं नाही, पण खरा प्रश्न 'तोच पैसा दुसरीकडे लावला तर?' हा होता.

आता तुमच्या धंद्यावर या. समजा तुमचा कांदा-लसूण मसाला कोल्हापुरात जोरात चालतो. कुणीतरी म्हणतं, "अहमदाबादला पाठवा की!" थांबा. तिथे कांदा-लसूण न खाणारी घरं बरीच आहेत, म्हणजे वेगळा मसाला लागेल. वेगळं पाकीट, वेगळं लेबल, वितरकाला नमुने, परत येणारा माल. समजा हा खर्च ४० हजार आणि एका पाकिटामागे सगळं जाऊन २० रुपये हातात राहतात. मग २ हजार पाकिटं विकेपर्यंत तुम्ही शून्यावरच आहात. मुदत संपायच्या आत तेवढी जातील का? आणि तेच ४० हजार सांगली-साताऱ्यात, आहे त्याच पाकिटावर लावले तर काय होईल? दोन्ही उत्तरं लिहून समोरासमोर ठेवा.

नाही म्हणजे कायमचं नाही असंही नसतं. २०१८ मध्ये भारत सरकारने ठरावीक संख्येपर्यंत, परदेशी मानकांत बसणाऱ्या गाड्या इथल्या पूर्ण चाचणीशिवाय आणायची सवलत दिली. स्कोडाने त्यात ऑक्टाव्हिया आरएस २४५ च्या फक्त २०० गाड्या आणल्या आणि विकल्या. कॅमरीचंही तेच. अमेरिका-जपान व्यापार करारानंतर अमेरिकेत मान्य झालेल्या गाड्यांच्या जादा चाचण्यांची अट सैल होऊ लागली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये टोयोटाने अमेरिकेत बनलेली कॅमरी २०२६ पासून जपानमध्ये आणायची तयारी जाहीर केली. गिऱ्हाईक काही रातोरात बदललं नाही, आत शिरायचा खर्च कमी झाला.

तुम्हीही २ हजार पाकिटं छापण्याआधी साध्या पाकिटावर, नियमाप्रमाणे लागणारी सगळी माहिती असलेलं स्टिकर लावून २०० पाठवून बघा. दुकानदाराने दुसऱ्यांदा स्वतःहून किती मागवली, तेवढाच आकडा वहीत लिहा. पहिल्या खेपेला ओळखीपाळखीने माल जातोच.